रिपोर्टवरची वेळ बघितलीत का?

पत्र:

डॉक्टर, माझं वय ३४, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ८९ किलो. दीड वर्षापासून आठवड्यातले सहा दिवस जिमला जातो. सकाळी तासभर ट्रेडमिल, संध्याकाळी वजनं. गेले चार महिने दिवसाला १,२०० कॅलरीच्या वर जात नाही. तरी पोट हलत नाही आणि दंड, छाती जिथल्या तिथे आहेत. कामाच्या वेळांमुळे झोप पाचच तास मिळते. (मी फार घोरतो म्हणून बायको दुसऱ्या खोलीत झोपते, तो भाग वेगळा.) मागच्या महिन्यात ऑफिसातून परत येताना टेस्टोस्टेरॉन तपासून घेतलं, ३४२ आलं. जिममधल्या मित्राचं ७१० आहे. ट्रेनर म्हणतो, एवढ्या पातळीवर बॉडी बनणारच नाही. दहा आठवड्यांचा इंजेक्शनचा कोर्स कर, सोबत इस्ट्रोजेन दाबायची गोळी घे. तोवर त्याने एक बूस्टर पावडर दिली आहे, ती चालू आहे. आम्ही आठ महिन्यांपासून मुलासाठी प्रयत्न करतोय. कोर्सचं बायकोला अजून सांगितलेलं नाही. रिपोर्टचा फोटो सोबत जोडला आहे. कोर्स घेऊ का?

उत्तर:

नमस्कार.

घेऊ नका. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे उत्तर आधी, कारण तुमच्या पत्रात दोन गोष्टी शेजारीशेजारी आल्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुम्हाला इंजेक्शनचा कोर्स करायचा आहे आणि तुम्हाला मूल हवं आहे. या दोन्ही गोष्टी एका वेळी जमत नाहीत.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते आणि त्यांच्या सांगण्यावरून वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार करतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं दिसलं की पिट्यूटरी हात आखडता घेते. ते टेस्टोस्टेरॉन शरीराने बनवलेलं आहे की सुईतून आलेलं, हे तिला कळत नाही. सुई सुरू झाली की ती काम थांबवते, वृषणांना हुकूम येणं बंद होतं, ती हळूहळू आकाराने लहान होतात. शुक्राणू तयार व्हायला वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. सुईने रक्तातली पातळी चढते आणि वृषणांच्या आतली आटते. म्हणजे अंगाने पुरुषी दिसणाऱ्या, रिपोर्टमध्ये भरघोस आकडा असलेल्या माणसाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसणं अगदी शक्य आहे.

हा तर्क मी बसल्याबसल्या लढवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून नेमकं हेच वापरून पाहिलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, आणि सहा महिन्यांत त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची शुक्राणूंची संख्या शून्यावर आली. जिममधल्या कोर्सचे डोस सहसा याहून मोठे असतात. इंजेक्शन थांबवल्यावर शुक्राणू बहुतेकांचे परत येतात, पण त्याला काही महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात. मोठे डोस, पुन्हा पुन्हा केलेले कोर्स असतील तर पूर्ववत होण्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. तुमचे आठ महिने आधीच गेले आहेत. त्यात हे वर्ष घालू नका.

आता त्या ३४२ कडे वळतो.

तुम्ही जोडलेल्या फोटोत वरच्या कोपऱ्यात, तुमच्या वयाच्या खाली, बारीक अक्षरांत नमुना घेतल्याची वेळ छापली आहे: संध्याकाळचे ६ वाजून ४० मिनिटं. मी कुठलाही टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट हातात घेतला की आकड्याच्या आधी ही वेळ शोधतो. हे हार्मोन दिवसभर एका पातळीवर राहत नाही. पहाटे-सकाळी ते सर्वांत वर असतं आणि तरुण पुरुषांत दुपार उलटेपर्यंत २० ते २५ टक्क्यांनी उतरतं. खाल्ल्यावर, विशेषतः साखर पोटात गेल्यावर, आणखी काही तास खाली राहतं. तापातून उठल्यावर, जागरणानंतर, अतिश्रमानंतरही ते खाली असतं. तुमचा नमुना दिवसभराचं काम करून, खाऊनपिऊन, पाच तासांच्या झोपेवर, चार महिन्यांच्या उपासमारीनंतर घेतलेला आहे. मित्राचा ७१० कधीचा आहे ते विचारा. सकाळी साडेसातचा असेल तर तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

लठ्ठ नसलेल्या १९ ते ३९ वयाच्या पुरुषांमध्ये एकूण टेस्टोस्टेरॉनची सर्वसाधारण मर्यादा साधारण २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर मानली जाते. किती मोठा पट्टा आहे बघा. या पट्ट्याच्या दोन टोकांना दोन पूर्ण निरोगी माणसं असू शकतात. शिवाय हा आकडा ‘एकूण’ टेस्टोस्टेरॉनचा असतो. त्यातलं बरंचसं एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं, काही अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला सैलसर, आणि अगदी मोकळं असतं ते फक्त दोन-तीन टक्के. वजन वाढलं की एसएचबीजी कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळा भाग पुष्कळदा ठीकच असतो. तुमच्या उंचीला ८९ किलो म्हणजे बीएमआय ३० आहे, तेव्हा ही शक्यता तुमच्या बाबतीत खरीच धरायला हवी.

तुमचा ट्रेनर एका बाबतीत बरोबर आहे आणि ते मी लपवणार नाही. टेस्टोस्टेरॉन स्नायू वाढवतं. १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात ४३ निरोगी पुरुष होते. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं इंजेक्शन. दोन्हींतले काही व्यायाम करत होते, काही नाही. खोटं इंजेक्शन घेऊन व्यायाम केलेल्यांचं चरबीविरहित वजन सुमारे २ किलोंनी वाढलं. खरं इंजेक्शन घेऊन नुसतं बसून राहिलेल्यांचं सुमारे ३ किलोंनी. दोन्ही केलेल्यांचं सुमारे ६ किलोंनी. तुमच्या जिममध्ये जे दिसतंय ते यामुळेच दिसतंय. म्हणून तर मोह होतो, आणि तो होणं साहजिक आहे.

पण ६०० मिलिग्रॅम म्हणजे काय? ज्यांच्या शरीरात हे हार्मोन खरोखर बनत नाही, त्यांना उपचार म्हणून जे देतात त्याच्या जवळपास सहापट. त्या पातळीवर रक्तातला आकडा दोन-तीन हजारांच्या घरात जातो. तिथे जे घडतं त्यावरून ३४२ आणि ७१० मधल्या फरकाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. वृषणं काढल्यासारखी पातळी तळाला गेली की स्नायू झडतात, पातळी निसर्गाच्या कितीतरी वर नेली की ते फुगतात, आणि मधल्या रुंद पट्ट्यात चढ आहे पण मंद आहे. त्या पट्ट्यात तुम्ही किती झोपता, किती प्रथिनं खाता, बारवरचं वजन महिन्यागणिक वाढवता की नाही, हे जास्त ठरवतं.

स्नायूच्या पेशीत हे हार्मोन शिरतं तेव्हा ते अँड्रोजन रिसेप्टर नावाच्या कुलपात बसतं. ते बसलं की प्रथिनं बांधण्याचा वेग वाढतो, आणि स्नायूलगत झोपून असलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन आपली केंद्रकं स्नायूला देऊ करतात. कुलपं किती आहेत हे माणसामाणसात वेगळं असतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सरावलेल्या ४९ तरुणांवर १२ आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा कुणाच्या रक्तात किती टेस्टोस्टेरॉन आहे याचा आणि कुणाचे स्नायू किती वाढले याचा मेळ बसला नाही. पुढे त्याच मंडळींच्या स्नायूंचे तुकडे तपासले, तर ज्यांचे स्नायू जास्त वाढले होते त्यांच्याकडे रिसेप्टर जास्त होते. रक्ताच्या रिपोर्टवर हे दिसत नाही.

तिथलाच आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. जिममध्ये सर्रास ऐकू येतं की पायांचा जड व्यायाम केला की टेस्टोस्टेरॉन उसळतं आणि हातही वाढतात. तिथल्या संशोधकांनी प्रत्येक माणसाचे दोन हात वेगवेगळ्या दिवशी घेतले. एका हाताच्या व्यायामानंतर लगेच पायांचा कस लावणारा व्यायाम, म्हणजे रक्तात हार्मोन्सची लाट. दुसऱ्या हाताच्या दिवशी फक्त हात. १५ आठवड्यांनी मोजलं तर दोन्ही हात सारखेच वाढले होते. व्यायामानंतरची ती लाट तासाभरात ओसरते, आणि स्नायू तिच्यावर विसंबून नसतो. स्त्रियांकडे बघितलं तरी हेच दिसतं. त्यांचं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढं असतं, तरी सारखाच व्यायाम केल्यावर त्यांच्या स्नायूंची टक्केवारीतली वाढ पुरुषांच्या आसपासच असते. सुरुवात कमी स्नायूंपासून होते म्हणून किलोंमध्ये ती कमी दिसते, एवढंच.

चरबीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि तिथे तुम्हाला सांगितलेली ‘इस्ट्रोजेन दाबायची गोळी’ तर सरळ उलट्या दिशेने नेणारी आहे.

टेस्टोस्टेरॉनमुळे चरबीच्या नव्या पेशी बनण्याला आळा बसतो, हे खरं आहे. एकाच जातीच्या कच्च्या पेशींपैकी जास्त पेशी स्नायूकडे वळतात, कमी चरबीकडे. पण पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अरोमाटेज या एन्झाइममुळे इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि त्या इस्ट्रोजेनला स्वतःचं काम असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० ते ५० वयाच्या सुमारे ४०० निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद केलं आणि मग वेगवेगळ्या मात्रांमध्ये ते जेलच्या रूपात परत दिलं. निम्म्यांना त्यासोबत इस्ट्रोजेन बनू न देणारी गोळी दिली. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनच्या पातळीप्रमाणे कमीजास्त झाली. चरबी मात्र मुख्यतः इस्ट्रोजेन कमी पडल्यामुळे वाढली. गोळी घेणाऱ्यांची चरबी टेस्टोस्टेरॉन भरपूर मिळूनही वाढली. पोट कमी करायला निघालेल्या माणसाला ती गोळी देण्यात अर्थ नाही. इस्ट्रोजेन फार खाली गेलं की कामेच्छा मंदावते, हाडंही झिजतात.

त्याच अभ्यासातली दुसरी बाब तुमच्याशी प्रामाणिक राहायचं म्हणून सांगतो. स्नायू कमी व्हायला पातळी साधारण २०० च्या खाली जावी लागली, पण चरबी वाढायला ३०० ते ३५० च्या आसपासच सुरुवात झाली. म्हणजे तुमचा सकाळचा, उपाशीपोटीचा आकडाही दोनदा इतकाच आला, तर मी तो झटकून टाकणार नाही. त्याचं कारण शोधू. मात्र ते कारण मला आत्ताच तुमच्या पत्रात दिसतंय, आणि बाण तुम्ही समजता त्याच्या उलट दिशेने आहे. टेस्टोस्टेरॉन कमी म्हणून पोट सुटलं असं तुम्ही धरून चाललात. पोट सुटलेलं असणं, झोप नसणं आणि अर्धपोटी राहणं यांनी टेस्टोस्टेरॉन खाली ओढलं आहे, असं मला वाटतं.

पोटाची चरबी हा नुसता साठा नसतो. तिच्यात अरोमाटेज भरपूर असतं, तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यं पाझरतात, इन्सुलिनचं ऐकणं शरीर कमी करतं, आणि हे सगळं वर पिट्यूटरीपर्यंत पोहोचून एलएच कमी करतं. वजन उतरलं की पातळी आपोआप चढते. वजन जितकं जास्त उतरतं तितकी ती जास्त चढते. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर तर ती वाढ फार मोठी असते.

आता त्या कंसातल्या वाक्याबद्दल. ‘तो भाग वेगळा’ असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पत्रातला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. शेजारच्या माणसाला खोली बदलावी लागेल इतकं घोरणं, वय ३४, वाढलेलं वजन: मला तुमच्या झोपेत श्वास अडत असल्याची दाट शंका आहे. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. घसा मिटतो, श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा करतो, श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकतं आणि सकाळी माणसाला त्यातलं काही आठवत नाही. टेस्टोस्टेरॉनची रोजची चढण झोपेतच होते. २०११ च्या एका छोट्या अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाच तासच झोपू दिलं, तेवढ्यावर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. तुम्ही हे आठवडाभर नाही, रोजच करताय, आणि त्या पाच तासांतही श्वास नीट नसावा. बायकोला एकच विचारा: घोरता घोरता मी मध्येच गप्प होतो आणि मग दचकून श्वास घेतो का? उत्तर ‘हो’ असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. इंजेक्शनने हा आजार बरा होत नाही. उपचार न केलेला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असेल तर टेस्टोस्टेरॉन देऊच नये असं डॉक्टरांना सांगितलेलं असतं.

आणि त्या १,२०० कॅलरी. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण दीड वर्ष एवढी चिकाटी दाखवलेल्या माणसाचे कष्ट इथे वाया जात आहेत. तुमच्या वजनाचा माणूस दोन वेळा व्यायाम करत असेल तर त्याला याच्या दुपटीहून जास्त लागतं. अमेरिकी लष्करात रेंजर प्रशिक्षण असतं, आठ आठवडे, अपुरं खाणं, अपुरी झोप, अखंड श्रम. तरण्याबांड, तंदुरुस्त जवानांचं टेस्टोस्टेरॉन त्यात वृषणं काढल्यासारख्या पातळीपर्यंत कोसळतं, आणि प्रशिक्षण संपून पोटभर खायला मिळालं की लवकरच परत वर येतं. त्यांच्या ग्रंथींत काही बिघाड नसतो. शरीराला दुष्काळ पडलेला कळतो, आणि दुष्काळात ते प्रजननावर आणि स्नायू बांधण्यावर खर्च करत नाही. तुम्ही घरबसल्या स्वतःवर तेच प्रशिक्षण चालवलं आहे. (एवढं कमी खाऊन वजन अजिबातच हलत नसेल तर नोंदीत काहीतरी निसटतंय, हेही तितकंच शक्य आहे. चार दिवस सगळं काट्यावर मोजून लिहा. दोष द्यायला म्हणत नाही. अंदाज प्रत्येकाचाच चुकतो.)

मग करायचं काय? खाणं वाढवा. गरजेपेक्षा रोज ४०० ते ५०० कॅलरी कमी, एवढीच तूट ठेवा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. प्रथिनं दिवसाला १२० ते १३० ग्रॅम, म्हणजे गाठायच्या वजनाच्या दर किलोला साधारण १.६ ते १.७ ग्रॅम, दिवसभरात विभागून. वजन उतरत असताना स्नायू वाढतच नाहीत असं नाही. २०१६ च्या एका अभ्यासात तरुणांनी चार आठवडे बरंच कमी खाल्लं आणि कसून व्यायाम केला. ज्यांना प्रथिनं भरपूर मिळाली त्यांची जवळपास ५ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन एक किलोहून जास्त वाढलं. हे त्यांच्या स्वतःच्या टेस्टोस्टेरॉनवर झालं.

आठवड्यातून सहा दिवस जिम नको, चार पुरे. सकाळची ट्रेडमिल सोडा आणि तो तास झोपेला द्या. त्याबदल्यात दिवसभरात चालणं वाढवा. एक वही करा. कुठला व्यायाम, किती वजन, किती वेळा. तुमच्या पत्रात तुम्ही किती दिवस जाता ते आहे, ट्रेडमिल किती वेळ ते आहे, कॅलरी आहेत, पण बेंचवर किती उचलता हे कुठेच नाही. दीड वर्षापूर्वी उचलत होतात तेच आजही उचलत असाल तर स्नायूंना वाढायचं कारणच मिळालेलं नाही, मग रक्तात ३४२ असो की ७१०.

एक भाबडी समजूतही काढून टाका: स्नायू वाढले की चरबी आपोआप जळेल. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो. तीन किलो कमावलेत तरी त्याने चाळीसेक कॅलरीच जातील. स्नायू इतर शंभर कारणांसाठी मोलाचे आहेत, साखर आटोक्यात ठेवण्यासाठी तर नक्कीच, पण पोट उतरेल ते ताटातल्या हिशेबाने.

बूस्टर आजपासून बंद. अशा पावडरींमध्ये सहसा गोखरू, डी-अ‍ॅस्पार्टिक आम्ल, झिंक असं काहीबाही असतं. गोखरूने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. व्यायाम करणाऱ्यांवर डी-अ‍ॅस्पार्टिक आम्लाचाही उपयोग झालेला नाही. झिंक फक्त झिंक कमी असलेल्यांनाच उपयोगी. हे नुसतं निरुपयोगी असतं तर मी एवढा आग्रह धरला नसता. माझी भीती वेगळी आहे: डब्यावर न लिहिलेलं आत काय आहे. २००० च्या सुमारास १३ देशांतून घेतलेली ६३४ सप्लिमेंट्स तपासली गेली, त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर नसलेली स्टेरॉइड्स सापडली. मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या माणसाने असा डबा घरात ठेवू नये. घेतल्यावर जोम आल्यासारखं वाटत असेल, तर तेही समजण्यासारखं आहे. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्यात तारुण्याची ताकद परत आल्याचं जाहीर केलं. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेव्हा त्याच्या पाणीदार अर्कात ते नगण्यच असणार. विद्वान, निष्ठावान माणूस होता, तरी आशेने त्याला फसवलं.

चाचण्यांचं असं करा. आधी सहा ते आठ आठवडे झोप आणि खाणं सुधारा. मग सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, ताप-सर्दी नसताना एकूण टेस्टोस्टेरॉन तपासा, आणि वेगळ्या दिवशी पुन्हा एकदा. त्यासोबत एसएचबीजी, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्यूटरीचंच आणखी एक हार्मोन), थायरॉइड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आणि एलएच चढलेलं, म्हणजे वृषणं दमली आहेत. दोन्ही कमी, म्हणजे अडचण वरून आहे, आणि तिथे मी वजन, झोप, औषधं यांच्यापासून पिट्यूटरीच्या गाठीपर्यंत सगळं तपासतो. सततची डोकेदुखी, बाजूचं कमी दिसणं किंवा छातीतून स्राव असेल तर आठ आठवडे थांबू नका. वीर्य तपासणीसाठी तर अजिबात थांबू नका, ती याच आठवड्यात करून घ्या. तिचा निकाल काही आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि तुमची आत्ताची दिनचर्या त्या निकालात उतरलेली असेल.

टेस्टोस्टेरॉनचा उपचार वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची पातळी दोनदा तपासून खरोखर कमी आहे आणि लक्षणंही आहेत, त्यांना मी तो स्वतः देतो आणि माणसं उभारी धरताना बघतो. पण तेव्हाही रक्त घट्ट तर होत नाही ना, प्रोस्टेट ठीक आहे ना, हे नियमित बघावं लागतं. ४५ ते ८० वयाच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांवरच्या अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात रक्ताच्या गाठी औषध घेणाऱ्यांत जास्त दिसल्या. ते उपचाराचे, मोजलेले, देखरेखीखालचे डोस होते. तुमच्या ट्रेनरच्या कुपीत किती आणि काय आहे ते त्यालाही माहीत नाही. आणि मूल हवं असलेल्या माणसाची पातळी खरोखरच कमी निघाली तर त्याला टेस्टोस्टेरॉन न देता वृषणांकडूनच काम करून घेणारी औषधं आहेत. ती तज्ज्ञाने द्यायची असतात, आणि वेळ आली तर त्याबद्दल बोलू.

राहिली बायकोला सांगण्याची गोष्ट. आज रात्री तिला विचारा, झोपेत माझा श्वास अडकतो का. ती ‘का विचारतोयस’ म्हणेल. तेव्हा रिपोर्ट, ट्रेनरचा कोर्स, पावडरचा डबा, सगळं तिच्यासमोर ठेवा. आठ महिने ती दर महिन्याला वाट बघते आहे, आणि कदाचित दोष आपल्यातच असेल असं मनात धरूनही बसली असेल. वीर्य तपासणीची वेळ घ्याल तेव्हा तिला सोबत न्या.

सकाळचे दोन्ही रिपोर्ट आले की मला पाठवा. वेळ छापलेला कोपरा फोटोत नीट येऊ द्या.